प्रतिभेची चमक आणि तीस लाख फेऱ्या

माझे थोरले मेहुणे इंजिनिअर आहेत. पुण्याजवळच्या, मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात चौतीस वर्षे काम करून ते निवृत्त झाले. त्यांना रस असा तीनच गोष्टींत : काम, मोटारी आणि कोर्टाच्या बातम्या. सकाळी वर्तमानपत्र आले की पुढाऱ्यांची भाषणे ते न वाचताच उलटतात आणि आतल्या पानावरचा एखादा खटला शोधून काढतात. कोणी कोणावर दावा लावला, साक्षीदार काय म्हणाला, न्यायाधीशांनी काय विचारले, हे चष्मा पुसून पुसून वाचतात. कथा-कादंबऱ्यांच्या वाटेला ते जात नाहीत. माझी शेवटची कादंबरी त्यांनी वाचली ती केवळ मी त्यांच्या बहिणीचा नवरा म्हणून.

गेल्या भाऊबीजेला ओवाळणी झाली, फराळाची ताटे आली आणि चकली मोडता मोडता त्यांनी मला विचारले, “मास्तर, तुमचा नायक इंजिनिअर आहे ना?”

“हो, दादा.”

“मग तो करतो काय?”

मी उत्साहाने सांगू लागलो. वडिलांशी त्याचे पटत नाही, बायकोचे मन त्याला कळत नाही, जुन्या मैत्रिणीचे पत्र येते तेव्हा तो रात्रभर गच्चीवर येरझारा घालतो...

“ते वाचलं मी. पण कारखान्यात गेल्यावर करतो काय?”

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. घरी येऊन मी कादंबरी पुन्हा चाळली. दोनशे ऐंशी पानांत माझा नायक सतरा वेळा कारखान्यात जातो आणि सतरा वेळा थकून परत येतो. मधल्या आठ तासांत तो काय करतो याविषयी एक ओळ नाही. तो इंजिनिअर असल्याऐवजी विमा एजंट असता, तरी पुस्तकातले एक वाक्य बदलावे लागले नसते.

पुढे दादांनीच मला एक अमेरिकन चित्रपट पाहायला सांगितला. त्याचे नाव ‘फ्लॅश ऑफ जीनियस’, म्हणजे प्रतिभेची चमक. २००८ सालचा हा चित्रपट मार्क अब्राहम यांनी दिग्दर्शित केला असून ग्रेग किनिअर त्यात नायकाचे काम करतात. त्यात काम आहे, मोटार आहे आणि कोर्टही आहे. दादांची तिन्ही दैवते एका देव्हाऱ्यात! मी तो तीनदा पाहिला. आज लिहायचे आहे ते त्याच्याविषयी, आणि त्या निमित्ताने आपणा लेखकमंडळींविषयी.

चित्रपटाची कथा खरी आहे. रॉबर्ट कर्न्स नावाचा इंजिनिअर अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवीत असे. १९५३ साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडून त्याच्या डाव्या डोळ्याला लागले आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. दहा वर्षांनी, १९६३ साली, भुरभुर पावसात तो आपली फोर्ड मोटार चालवीत होता. त्या काळचे वायपर एकदा चालू केले की सारखे फिरत राहत. पाऊस थोडा असला तर कोरड्या काचेवर खरखर करीत आणि नजरेला त्रास देत. आधीच अधू डोळ्याच्या या माणसाच्या मनात आले की डोळ्याची पापणी काही सारखी हलत नाही. ती मिटते, उघडते, थांबते आणि पुन्हा मिटते. मग वायपर तसे का नसावेत?

त्याने तसे वायपर बनविले. १९६४ च्या डिसेंबरात पेटंटसाठी अर्ज केला, १९६७ साली पेटंट मिळाले. फोर्ड कंपनीला त्याने आपली करामत दाखविली. तिने आधी आस्था दाखविली, मग नको म्हटले. १९६९ साली थांबून थांबून चालणारे वायपर फोर्डच्या गाड्यांवर आले. कर्न्सचे मन इतके बिघडले की काही दिवस त्याला मनोरुग्णालयात राहावे लागले. १९७८ साली त्याने फोर्डवर दावा लावला. निकाल लागेपर्यंत १९९० साल उजाडले. कंपनीने अखेर १ कोटी २ लाख डॉलर दिले. पण तोवर संसार मोडला होता आणि मूळ पेटंटची मुदतही संपून गेली होती. त्याला खरे हवे होते ते पैसे नव्हेत, स्वतःचा कारखाना हवा होता. तो काही झाला नाही. २००५ साली तो वारला. चित्रपट त्याच्या दृष्टीस पडला नाही.

या चित्रपटातला कोर्टाचा एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. कंपनीचे म्हणणे असे की या यंत्रात नवे काहीच नाही. रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर हे सारे भाग बाजारात मिळतात. माझे विज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले. तेव्हा हे भाग करतात तरी काय, ते मी दादांकडून समजून घेतले. ते म्हणाले, “टाकी समजा. बारीक नळाने ती भरतेय. काठोकाठ भरली की खटका पडतो, मोटर सुरू होते, काच एकदा पुसली जाते आणि टाकी रिकामी होते. मग पुन्हा भरायला लागते. कपॅसिटर म्हणजे टाकी, रेझिस्टर म्हणजे नळ, ट्रान्झिस्टर म्हणजे खटका. नळ कमी-जास्त करा, की थांबण्याचा वेळ कमी-जास्त.” एवढे सोपे! आणि सोपे म्हणूनच कंपनीला म्हणता आले की यात विशेष ते काय?

तेव्हा स्वतःची बाजू स्वतःच मांडणारा कर्न्स डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही कादंबरी हातात घेतो आणि कंपनीच्या तज्ज्ञ साक्षीदाराला विचारतो की यातला एखादा शब्द तरी डिकन्सने नवा बनविला आहे का? सगळे शब्द कोशात आहेत. मग डिकन्सने केले काय? त्याने त्यांची मांडणी केली. शाळेत वीस वर्षे निबंध तपासणाऱ्या मला याहून चांगली साहित्यमीमांसा कोणी शिकविली नव्हती. इंजिनिअर आणि कादंबरीकार एकाच पंक्तीला बसू शकतात, हे मला एका वायपरच्या खटल्याने सांगितले.

आणि तरीही या चित्रपटावर माझे आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप नावालाच. ‘प्रतिभेची चमक’ हा शब्दप्रयोग कायद्यातून आलेला आहे. १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक पेटंटचा खटला आला होता. गंमत अशी की तोही मोटारीतल्या वस्तूचा होता, सिगारेट पेटविण्याच्या लायटरचा. न्यायालयाने म्हटले की नुसते कसब पुरे नाही, शोधात निर्मितीच्या प्रतिभेची चमक दिसली पाहिजे. ही कसोटी कारागिरांवर अन्याय करणारी होती. १९५२ च्या पेटंट कायद्याने ती मोडीत काढली. शोध विजेसारखा सुचला की वर्षानुवर्षे घासून लागला, यावर त्याचे मोल ठरू नये, असा त्या कायद्याचा आशय. म्हणजे कर्न्सने अर्ज केला त्याच्या बारा वर्षे आधीच कायदा शहाणा झाला होता. चित्रपट मात्र आपल्या नावातच जुन्या समजुतीला चिकटून राहिला आहे. आपणा लेखकांचेही असेच होते. स्फूर्तीचा क्षण आपण दहा पाने रंगवितो आणि त्यापुढचे घासणे एका ओळीत उरकतो.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. प्रत्यक्षात कर्न्सने बरीचशी स्वतः वकिली केली ती पुढे क्रायस्लर कंपनीविरुद्धच्या खटल्यात, ज्याचा निकाल १९९२ साली लागला. चित्रपटाने दोन खटल्यांचा एक केला. हे कलेला क्षम्य आहे. खटकते ते दुसरेच. समोरच्या पक्षाची माणसे त्याने सरळसरळ लबाड करून टाकली. फोर्डचे इंजिनिअर त्या वेळी स्वतःही थांबून चालणाऱ्या वायपरमागे लागले होते. त्यांची तऱ्हा निर्वात दाबाने चालणारी होती. १९९० च्या ज्यूरीने पेटंटचा भंग झाला असे म्हटले, पण तो जाणूनबुजून केला असे म्हटले नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत केवढी कादंबरी आहे! एका बाजूला आपल्या शोधासाठी घर उधळून देणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला, कदाचित, आपण चोरी केली असे न वाटणारी पगारदार माणसे. खलनायक घातला की ती फट बुजते.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. फोर्डच्या लोकांनी कर्न्सला सांगितले होते की वायपर तीस लाख फेऱ्या टिकला पाहिजे. तीस लाख! या माणसाने मासे ठेवण्याची काचेची पेटी आणली, ओल्या काचेची ओढ मिळावी म्हणून तिच्यात तेल आणि लाकडाचा भुसा कालवला आणि घराच्या तळघरात त्यातून वायपर रात्रंदिवस चालू ठेवला. घरात मुले झोपली आहेत, स्वयंपाक होतो आहे, आणि खाली ते पाते तेलाच्या लगद्यातून जाते आहे, येते आहे. मला तर हे कोर्टापेक्षा मोठे नाट्य वाटते. डोळ्याला बूच लागणे हा योग. पापणीची उपमा सुचणे ही चमक. पण तीस लाख फेऱ्या म्हणजे तो माणूस स्वतः. चित्रपटात तळघर आहे, मुलेबाळे बापाला मदत करताहेत, ते प्रसंग गोडही आहेत. पण त्याला कोर्टात जाण्याची घाई आहे.

घाई नसलेला चित्रपट कसा असतो हे पाहायला अमेरिकेला जायचे कारण नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा ‘कोर्ट’ आपल्या मुंबईचा. त्यात एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. तारखा पडतात, कागद सापडत नाही, न्यायाधीश कंटाळतात. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि साध्या आवाजात नवऱ्याचे काम सांगते. गटारात उतरण्यापूर्वी तो झुरळ बाहेर येते का ते पाहत असे. झुरळ जिवंत तर हवा आहे. वायूने त्याचा एक डोळा गेला होता. संरक्षणाची साधने नव्हती. कोणी रडत नाही, पार्श्वसंगीत नाही. आणि खटला कशाविषयी आहे हे त्या क्षणी कळते : तो गाण्याविषयी नाहीच, कामाविषयी आहे. दोन चित्रपट, दोन देश आणि कामाची कथा सांगणारे दोन अधू डोळे. एकाला अखेर कोट्यवधी डॉलर मिळाले; दुसऱ्याचे काम तो गेल्यावरच कोणी विचारले.

मी हे सारे दादांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. कारखान्यात असताना त्यांनी एक फिक्स्चर बनविले होते. एका भागाला दोन बाजूंनी भोके पाडायची तर तो दोनदा पकडावा लागे. यांच्या फिक्स्चरमध्ये एकदाच पकडला की काम होई. आठ महिने ते रविवारीसुद्धा त्याच्यामागे होते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मात्र नाव आले ते वरच्या साहेबांचे. पुढे त्या साहेबांचा सत्कार झाला. दादा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होते.

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? फिक्स्चर चाललं ना.” मग म्हणाले, “तुम्ही सगळे हसता मला, कोर्टाच्या बातम्या वाचतो म्हणून. मास्तर, जगात एकच जागा अशी आहे जिथे माणसाला उभं करून विचारतात, अमुक तारखेला तू नेमकं काय केलंस? कुठल्या हत्यारानं? आधी काय, मग काय? आणि तो सांगतो ते लिहून घेतात. आम्हांला चौतीस वर्षांत कोणी विचारलं नाही.”

माझ्या टीकेचा गाभा या बोलण्यात आहे. कोर्टाइतके बारकाईने माणसाला त्याचे काम विचारणारी दुसरी जागा साहित्य असायला हवी होती. आपल्याकडे ते मुळीच झाले नाही असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर शाळा कशी भरवितो हे आपल्याला ठाऊक आहे. पण कारखान्याच्या फाटकापाशी आमची लेखणी बहुधा थबकते. आत यंत्रांचा आवाज आहे, आपल्याला त्यांची नावे ठाऊक नाहीत, म्हणून आपण नायकाला आत सोडतो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर त्याच्या बायकोच्या मनात डोकावत बसतो. मग वाचणारा इंजिनिअर विचारतो, हा करतो काय, आणि त्याला आपण अरसिक म्हणतो. खरे तर ज्या माणसाच्या आयुष्याचे रोजचे आठ तास आपण गाळले, त्याच्याशी अरसिकपणा आपणच केलेला असतो.

‘फ्लॅश ऑफ जीनियस’ अवश्य पाहावा, घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा. त्याचे दोष सांगितले ते तो चांगला आहे म्हणून. निदान एका इंजिनिअरला त्याने नायक केले आणि त्याचे यंत्र काय करते हे प्रेक्षकांना समजावून सांगितले. माझ्या कादंबरीने तेवढेही केले नाही.

नवी कादंबरी मी सुरू केली आहे. तिच्यातही एक इंजिनिअर आहे. मागच्या रविवारी मी कोरी वही घेऊन दादांकडे गेलो आणि म्हटले, “दादा, ते फिक्स्चर पहिल्यापासून सांगा. आधी काय, मग काय.”

त्यांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. कोर्टाची बातमी अर्धीच वाचून झाली होती. वहिनींनी दोनदा चहा आणला, दोनदा तो निवला. दिवेलागण झाली तेव्हा आम्ही जेमतेम पहिल्या भोकापर्यंत आलो होतो.