‘बंदी आली’ म्हणजे ‘परिणाम झाला’ का?

इंडोनेशियातल्या राजकीय विडंबनावर प्रस्ताव लिहायला बसलात, की तिसऱ्या वाक्यात ‘प्रतिकार’ हा शब्द येतोच. सुहार्तोंची राजवट, तिची टिंगल करणारं नाटक, पोलिसांची बंदी, झाला निष्कर्ष तयार! जरा थांबा.

जकार्तातली ‘तेआतर कोमा’ ही नाटकमंडळी घ्या. नानो रियांतियार्नो आणि सहकाऱ्यांनी ती १९७७ मध्ये सुरू केली. (पुलंनी ब्रेख्तच्या ज्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, त्याचं इंडोनेशियन रूप यांनीही रंगवलंय. जातकुळी लक्षात आली असेल.) त्यांचं ‘ओपेरा केचोआ’, म्हणजे झुरळांचा ऑपेरा, १९८५ चं. शहराच्या तळातला भुरटा गुंड रोइमा, त्याची जोडीदार जुलिनी, शरीरविक्रय करणारी तुमिना. जुलिनी ‘वारिया’ आहे, आपल्याकडे साधारण तृतीयपंथी म्हणतात तशी. गाणी, नाच, हशा, आणि या सगळ्यांना झुरळांसारखं झाडून टाकू पाहणारी सत्ता. १९८५ मध्ये प्रयोग झाले. १९९० च्या अखेरीस तेच नाटक पुन्हा करायला गेले तर बंदी, आणि जपानचा दौराही बारगळला.

नाटक तेच, मग बदललं काय? त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी, त्यांचं ‘सुक्सेसी’ पोलिसांनी प्रयोग सुरू असतानाच थांबवलं होतं. त्यात एक म्हातारा राजा आणि गादी कुणाला, हा प्रश्न. सुहार्तोंनंतर कोण, हे तेव्हा फार नाजूक प्रकरण होतं. मला तरी वाटतं, झुरळांवरची बंदी ही बरीचशी राजावरची बंदी होती. नुसती संहिता वाचून हे कधीच कळलं नसतं.

आता प्रेक्षक बघा. तिकीट काढून येणारा हा बहुतेक शहरी मध्यमवर्ग. राजाला हसणं त्याला सोपं. जुलिनी आल्यावर तो हसतो तेव्हा नक्की कशाला हसतो? अधिकाऱ्याच्या ढोंगाला, की तिच्या चालण्याला? याचं उत्तर न शोधता ‘वंचितांचा आवाज’ असं लिहून मोकळं होणं मला खटकतं.

याच्या शेजारी मार्सिना ठेवा. पूर्व जावातल्या घड्याळाच्या कारखान्यातली ही कामगार. रोजची मजुरी १,७०० वरून २,२५० रुपिया व्हावी म्हणून मे १९९३ मध्ये संप झाला, त्यात ती पुढे होती. काही दिवसांतच तिचा छळ करून खून झाला. ज्यांना शिक्षा झाली त्यांना १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. रत्ना सारुम्पाएत यांनी तिच्यावर नाटकं लिहिली. ‘मार्सिना मंगगुगात’ हे १९९७ चं एकपात्री नाटक. राजा-राणीचा आडपडदा नाही, सरळ आरोप. त्याचेही प्रयोग पोलिसांनी काही ठिकाणी होऊ दिले नाहीत.

म्हणजे पुरावा म्हणून तुमच्याकडे फक्त बंदी असेल, तर आडून केलेली थट्टा आणि तोंडावर केलेला आरोप यांत तुम्हाला फरकच दाखवता येणार नाही. प्रयोग कुठे झाले, तिकीट किती होतं, आधीच्या महिन्यात काय घडलं, परवाना कुणी अडवला, हे खोदावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण प्रबंध तिथूनच उभा राहतो.

आणि काळाची मर्यादा १९९८ ला, सुहार्तो गेले तिथेच, घालू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियाने नवे राष्ट्रीय वीर जाहीर केले. त्या एकाच यादीत मार्सिना आहे, आणि सुहार्तोही.