अपौरुषेय सूचना : कोन गावच्या फलकांची मीमांसा

साहित्यसमीक्षेने ललित वाङ्मयापलीकडच्या लेखनाकडे वळावे की नाही, हा वाद मराठीत आता जुना झाला आहे. चिन्हमीमांसेचा परिचय झाल्यापासून जाहिरात, बातमी, चित्रपट यांनाही ‘संहिता’ म्हणून वाचता येते, हे तत्त्वतः सर्वांनी मान्य केले. प्रत्यक्षात मात्र ज्या मराठी गद्याशी सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो, ते गद्य समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिले. दुकानावरची पाटी, ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना, वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील जाहीर नोटीस हे ते गद्य होय. विद्यापीठांच्या ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासक्रमांत सूचना आणि निवेदने कशी लिहावीत याचे नमुने शिकविले जातात, ती कशी वाचावीत, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका विशिष्ट ठिकाणाच्या संदर्भात मांडावयाचा आहे.

ते ठिकाण म्हणजे भिवंडी तालुक्यातील कोन. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर, खाडीच्या पलीकडे, कल्याण–भिवंडी रस्त्यावर हे गाव वसले आहे. २०११ च्या जनगणनेने त्याला ‘जनगणना-शहर’ ठरविले. किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, असे त्या संज्ञेचे निकष आहेत. म्हणजे जनगणनेच्या दृष्टीने हे शहर. पण त्याचा कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून कायद्याच्या दृष्टीने गाव. नावाचेही असेच द्वैत आहे : जनगणनेत ‘कोन’, पोलीस ठाण्याच्या पाटीवर आणि ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो मार्गाच्या आराखड्यात ‘कोनगाव’. आगरी बोलणारी मूळची घरे, यंत्रमाग आणि गोदामे यांच्या आधाराने परप्रांतांतून आलेली माणसे, आणि भाताच्या खाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामांच्या रांगा यांमधून या परिसरातील रस्ता जातो. या रस्त्यावर मराठी कोणकोणत्या स्वरात बोलते, हे पाहणे उद्बोधक आहे.

या लेखनाचे वर्गीकरण करण्यासाठी पाश्चात्त्य परिभाषेकडे धाव घेण्याचे कारण नाही. वाक्याने माणसाला कृतीस कसे प्रवृत्त केले जाते, याचा सर्वांत कसून विचार आपल्याकडे पूर्वमीमांसेने केला. जे. एल. ऑस्टिन यांची ‘उच्चार हीच कृती’ असणाऱ्या वाक्यांवरील व्याख्याने १९५५ मधील, त्यांचे पुस्तक १९६२ मधील; मीमांसकांचा विधिविचार त्याहून कित्येक शतके जुना. मीमांसकांनी वेदवाक्यांचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पाच भाग पाडले. विधी कृती सांगतो, निषेध ती वारतो, नामधेय नाव देते, आणि अर्थवाद स्तुतिनिंदेने विधीला बळ पुरवितो. मंत्र वगळल्यास हे भाग आपल्या रस्त्यावरील फलकांना आश्चर्यकारक रीतीने लागू पडतात. दुकानाची पाटी हे नामधेय, पंचायतीची सूचना हा विधी, आणि चौकाचौकांतील शुभेच्छांचे फलक हा अर्थवाद.

प्रथम दुकानातील निषेध घेऊ. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी किराणा दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. तिचे सारे सामर्थ्य ‘उद्या’ या शब्दात आहे. हा शब्द वाचणाऱ्याच्या क्षणापासून मोजला जातो, म्हणून तो कधीच ‘आज’ होत नाही. म्हणजे वाक्यार्थ आश्वासनाचा आणि तात्पर्य नकाराचे. परंतु हा नकार संबंध तोडीत नाही. गिऱ्हाईक हसते, दुकानदारही हसतो. शिवाय ज्याचे खाते दुकानदाराच्या वहीत आहे, त्याला ही पाटी आपल्यासाठी नाही, हे पक्के ठाऊक असते. पाटी सर्वांसमोर आहे, पण ती कोणाला लागू, हे ओळखीने ठरते. मीमांसेच्या भाषेत, या निषेधाचा ‘अधिकारी’ लिहिलेला नसला, तरी दोन्ही पक्षांना माहीत आहे.

याच भिंतीवरची दुसरी पाटी पाहावी : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ येथे स्वर बदलला. ‘मी परत घेणार नाही’ असे दुकानदार म्हणत नाही; माल ‘घेतला जाणार’ नाही. कर्ता वाक्यातून निघून गेला, आणि जणू निसर्गनियम सांगितला जात आहे असा भास निर्माण झाला. वस्तुस्थिती अशी की, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि पावतीवर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत रक्कम परत न करणे हे त्याच व्याख्येत येते. म्हणजे सदोष मालापुरते तरी या पाटीला कायद्याचे बळ नाही. तरीही ती कार्य करते. गिऱ्हाईक पाटीकडे पाहते आणि मुकाट्याने परत जाते. कर्तृलोपाने निर्माण होणारा अधिकार प्रत्यक्ष अधिकारावाचूनही चालतो, हा आपल्या विवेचनाचा पहिला निष्कर्ष.

हा कर्तृलोप जाहीर नोटिशीत परमावधीस पोहोचतो. ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ अशी तिची सुरुवात असते. ‘-ण्यात येते’ ही रचना कार्यालयीन मराठीची खूणच होय : क्रियापदाचे नाम करावयाचे, त्याला सप्तमी लावावयाची, आणि ‘येणे’ या क्रियेने वाक्य पुरे करावयाचे. कळविणे आपोआप येते. कळविणारा कोणी दिसत नाही. मीमांसकांनी वेदाला ‘अपौरुषेय’ मानले, कारण पुरुष आला की त्याचे दोष आले, हितसंबंध आले. कर्ताच नसेल तर शंकेला जागा नाही. जाहीर नोटीस नेमके हेच अपौरुषेयत्व पांघरते. खाली वकिलाची सही असते. तो ‘माझे अशील’ म्हणतो. पुष्कळदा अशिलाचे नावही दिलेले नसते.

कोनच्या आसपासच्या गावांत ही नोटीस केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नाही. शेतजमिनीचे गोदामात रूपांतर होताना बहुधा ती मध्ये येते. जमीन खरेदी करणारा वारसांचे हक्क तपासण्यासाठी वृत्तपत्रात नोटीस देतो : हरकत असल्यास सात अथवा चौदा दिवसांच्या आत पुराव्यानिशी कळवावी, अन्यथा कोणाचीही हरकत नाही, व असल्यास ती सोडून दिली आहे, असे समजण्यात येईल. पुढे परिशिष्ट : मौजे अमुक, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र हेक्टर-आर-प्रतीमध्ये, आकार रुपये-पैशांत, कधी पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस काय आहे, तेही. या संहितेचे अंतर्गत प्रमाण लक्षात घ्यावे. जमिनीचे वर्णन चारही दिशांनी बंदिस्त, गुंठ्याच्या अंशापर्यंत नेमके. माणसांचे वर्णन मात्र ‘तमाम’, ‘सर्व संबंधित’, ‘कोणीही इसम’. कायद्याच्या भाषेला नेमकेपणा हवा असतो, म्हणून ती अशी रुक्ष होते, असा बचाव नेहमी केला जातो. येथे तो टिकत नाही. नेमकेपणाची क्षमता या गद्यात भरपूर आहे. ती कोणावर खर्च करावयाची, याची निवड त्याने केलेली आहे.

मीमांसेत ‘अधिकारविधी’ नावाचा एक प्रकार आहे. कर्माचे फळ कोणाच्या वाट्याला येते, म्हणून ते कोणी करावे, हे तो सांगतो. नोटिशीत नेमका हाच भाग रिकामा असतो. तो रिकामा असल्याने कोणाचे नुकसान होते? लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या बहिणीचे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात सुधारणा करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला. ती ‘संबंधित’ आहेच. पण जे वृत्तपत्र तिच्या घरी येत नाही, त्यात चौदा दिवस तिला शोधीत असल्याचा देखावा होतो, आणि पंधराव्या दिवशी तिच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला जातो. याच कुटुंबाची लग्नपत्रिका पाहावी : तीत आत्या, मावश्या, बहिणी यांची नावे सासरच्या आडनावांसह छापलेली असतात आणि ती पत्रिका हातोहात पोहोचविली जाते. म्हणजे तिचे नाव आणि पत्ता ठाऊक नव्हता, असे नाही. आमंत्रणाच्या मराठीला जी बहीण सापडते, ती नोटिशीच्या मराठीला सापडत नाही.

केवळ अशा नोटिशीला उत्तर दिले नाही, एवढ्याने वारसाची मालकी नाहीशी होत नाही. खरेदीदाराने वाजवी चौकशी केली होती, असे दाखविण्यास मात्र ती उपयोगी पडते. ‘असे समजण्यात येईल’ या शब्दांचे बळ म्हणजे परत न घेतल्या जाणाऱ्या मालाचे बळ : निम्मे कायद्याचे, निम्मे वाचणाऱ्याच्या भीतीचे. महसुलाचा कायदा या बाबतीत अधिक सावध आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार फेरफाराच्या नोंदीची प्रत तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, चावडीत ठळक जागी लावावयाची असतेच. शिवाय ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना लेखी कळवावयाचे असते. फलक लावणे आणि माणसाला कळविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्या कलमाला समजते. पूर्वीच्या दवंडीलाही ते समजत होते : दवंडी पिटणाऱ्याला चेहरा होता, आवाज होता, त्याला थांबवून ‘कोणी सांगितलं रे?’ असे विचारता येत होते. कागदाला तसे थांबविता येत नाही.

आता याच्या उलट टोकाचे लेखन पाहू. वाढदिवसाच्या आणि अभिनंदनाच्या फलकांवर छायाचित्रांची उतरंड असते, आणि तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून नावांची दाटी. मीमांसेप्रमाणे अर्थवादाला विधीशिवाय प्रयोजन नाही. येथे मात्र विधीवाचूनचा शुद्ध अर्थवाद आहे. दोन्ही फलक शेजारी ठेवले की एक सूत्र हाती लागते : जेथे वाचणाऱ्याकडून काही घ्यावयाचे आहे, तेथे लिहिणारा अदृश्य असतो; जेथे काहीच घ्यावयाचे नाही, निदान आज नाही, तेथे तो सहकुटुंब सहपरिवार उपस्थित असतो.

फलकांच्या मराठीविषयी आपल्याकडे वाद झाले नाहीत, असे नाही. पण ते जवळजवळ सगळे नामधेयाविषयीचे आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी अनिवार्य झाली, आणि इतर लिपीतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी नसावीत, असे ठरले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या गोष्टींचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु ‘मोबाईल शॉपी’ ही अक्षरे देवनागरीत मोठी झाल्याने गिऱ्हाइकाचे भाषिक सामर्थ्य किती वाढले, हा प्रश्न उरतोच. जाहीर नोटीस तर प्रथमपासून निर्दोष देवनागरीत, तत्समप्रचुर मराठीत आहे. तेथे मराठीवर अन्याय होत नाही, मराठीतून होतो. आणि त्याविषयी भाषाभिमानी आणि समीक्षक दोघेही गप्प आहेत.

हे लेखन बदलू शकते, याचा एक पुरावा कार्यालयांच्या भिंतींवरच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सेवेचे नाव, शुल्क, ती देण्याची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी हे सारे फलकावर लावावयाचे असते. वाङ्मयीन दृष्ट्या हा फलक अगदी नीरस आहे : त्यात वाक्ये नाहीत, नुसते रकाने. तथापि त्याच्या संरचनेत एक क्रांती दडली आहे. कर्त्याचा रकाना त्यात सक्तीचा आहे. आणि ‘मुदत’ या शब्दाची दिशा फिरली आहे : नोटिशीतील मुदत वाचणाऱ्याला बांधते, या फलकावरील मुदत लिहिणाऱ्याला. हा फलक पुसट झालेला, कपाटामागे गेलेला वा जुन्या अधिकाऱ्याच्या पदनामासह तसाच राहिलेला असू शकतो. तरीही तो कोणत्या व्याकरणाने बोलतो, हे महत्त्वाचे. सही करणारा आणि मुदत पाळणारा एकच असावा, हे तत्त्व त्या रकान्यांतून मराठीत आले आहे.

लेखनाच्या जोरावर शेतकऱ्याला कसे नाडले जाते, याचे विश्लेषण महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ मध्येच केले. ‘बनगरवाडी’ने (१९५५) गावाचा आधार होणारा मास्तर उभा केला. मराठी वाङ्मयाला अक्षर आणि सत्ता यांच्या नात्याची ओळख आहे; समीक्षेने ती ओळख ललित संहितांपुरती राखून ठेवली, एवढेच. पदव्युत्तर वर्गात कवितेतील निवेदक कोण, तो कोणाला उद्देशून बोलतो, काय दडवितो, असे प्रश्न आपण विद्यार्थ्यांना विचारतो. हेच तीन प्रश्न मौजे कोनच्या एखाद्या नोटिशीला विचारले, तर निराळी पद्धती शिकावी लागणार नाही. वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीच्या माहेरची जमीन त्याच परिशिष्टात असण्याचा संभव आहे. चौदा दिवस मोजायला तिने आजपासून सुरुवात करावी, एवढे जरी या वाचनाने साधले, तरी ते समीक्षेचे कार्य म्हणून मला पुरेसे वाटते.