स्नायूंची वीज मोजताना: स्वस्त उपकरणांची पारख

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या तंतूंवरून विद्युतस्पंद धावतात, हे पुस्तकात असते. तो स्पंद स्वतःच्या दंडातून निघताना पाहणे ही निराळी गोष्ट. शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमात जैवयांत्रिकी हा विषय आहे. पण स्नायूंचे संकेत, म्हणजे ई.एम.जी., मोजणारी संशोधनाची यंत्रे लाखांच्या घरात जातात. बल्लारपूरसारख्या गावातल्या महाविद्यालयाने ती घ्यावीत असे कोणी म्हणणार नाही. आता काही हजारांत मिळणारी छोटी उपकरणे बाजारात आहेत. प्रश्न आहे तो त्यांतले कोणते घ्यावे याचा.

सर्वांत जास्त दिसते ते ‘मसल सेन्सर व्ही-3’ आणि त्याच्या नकला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तीन तारा. मूठ आवळली की पडद्यावर रेघ चढते, सोडली की उतरते. वर्ग खूश होतो. यंत्रमानवाचा हात हलवायला हे उत्तम आहे. शिकवायला मात्र आम्हाला ते अपुरे वाटते. कारण हे उपकरण मूळ संकेत दाखवतच नाही. त्याच्या ऋण बाजू धन करून, सगळे गुळगुळीत करून, फक्त चढ-उतार हाती देते. विद्यार्थ्याची समजूत होते की ही रेघ म्हणजे स्नायूचे बळ.

ती समजूत मोडायला आपल्या भागातलेच उदाहरण घ्यावे. धानाच्या रोवणीत किंवा तेंदूपत्ता तोडताना माणूस कमरेत वाकतो. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून विद्यार्थ्याला हळूहळू वाकायला सांगा. सुरुवातीला संकेत वाढतो. पूर्ण वाकल्यावर, जेव्हा कमरेवरचा भार मोठा असतो, तेव्हा बहुतेक निरोगी माणसांत तो जवळजवळ थांबतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी हे 1955 साली सविस्तर मांडले. भार नाहीसा झालेला नसतो. तो कण्याच्या अस्थिबंधांवर आणि ताणलेल्या ऊतींवर गेलेला असतो. तासन् तास वाकून काम करणाऱ्यांच्या कंबरदुखीविषयी बोलायला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

आता गुळगुळीत रेघ शून्यावर आली, तर स्नायू शांत झाला की इलेक्ट्रोड सुटला? त्या रेघेवरून सांगता येत नाही. मूळ संकेतात मात्र पाठीवरही हृदयाचे ठोके अधूनमधून डोकावतात. ते दिसत राहिले, म्हणजे जोडणी शाबूत आहे. एरवी ज्याला आपण गोंगाट म्हणून हाकलतो, तोच इथे साक्षीदार ठरतो.

म्हणून आमची पहिली अट: मूळ संकेत बाहेर मिळाला पाहिजे. ‘मायोवेअर 2.0’ मूळ, एकदिश आणि गुळगुळीत असे तिन्ही देते, पण ते परदेशी आहे. अपसाइड डाउन लॅब्ज या भारतीय कंपनीचे ‘बायोॲम्प ईएक्सजी पिल’ मूळ संकेत देते, आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. गाळण्याचे काम संगणकावर आपणच करायचे. शिक्षकाला हे जड जाईल, पण शिकण्यासारखे तेच आहे. बॅकयार्ड ब्रेन्सचे ‘मसल स्पायकरबॉक्स’ संकेत ऐकवते. तो तडतडाट शाळेतल्या मुलांना फार आवडावा.

दुसरी गोम उपकरणात नसून जोडणीत असते. त्वचेवरच्या संकेताची व्याप्ती साधारण 20 ते 500 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला हजाराहून अधिक नमुने हवेत. आर्डुइनोसाठी नकलून घेतलेल्या कित्येक आज्ञावल्यांत संगणकाकडे माहिती पाठवण्याचा वेग 9600 ठेवलेला असतो. त्या वेगाने सेकंदाला सुमारे 960 अक्षरे जातात. एका तीन अंकी नमुन्याला ओळ बदलण्याच्या खुणांसह पाच अक्षरे लागतात. म्हणजे सेकंदाला दोनशेही नमुने नाहीत! पडद्यावर काहीतरी वळवळते, पण तो स्नायूचा संकेत नव्हे. वेग 115200 केला की नमुने दोन हजारांवर जाऊ शकतात. खर्च काहीच नाही. (अमेरिकेत लिहिलेल्या आज्ञावलीत विजेचा गुणगुणाट 60 हर्ट्झवर कापलेला असतो, आपल्याकडे तो 50 वर आहे, हेही पाहून घ्यावे.)

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. ही उपकरणे वैद्यकीय दर्जाची नाहीत. अंगाला इलेक्ट्रोड असताना लॅपटॉपचा चार्जर काढलेला असावा, सर्व काही बॅटरीवर चालावे, आणि घरच्या विजेवर चालणारा ऑसिलोस्कोप किंवा प्रिंटर जोडू नये. इलेक्ट्रोड छातीच्या दोन्ही बाजूंना लावू नयेत. उपकरणाच्या जाहिरातीत हे ठळक लिहिलेले नसेल, तर खरेदी करणाऱ्याने ते प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

राहता राहिला इलेक्ट्रोडचा प्रश्न. उपकरण एकदाच घ्यायचे असते, पण जेल लावलेले चिकट इलेक्ट्रोड दर तासाला संपतात; अंदाजपत्रकात ते विसरले जातात. हृदयालेखासाठी वापरतात तेच चालतात. दोन इलेक्ट्रोडांच्या केंद्रांत वीस मिलिमीटर अंतर ठेवावे, तिसरा कोपराच्या हाडावर लावावा. चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात घामाने ते सरकतात आणि रेघ भरकटते. त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, आणि शक्य तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच घ्यावा.