नोटेवर कोण, हे कोण ठरवतं?

सरावलीत हा विषय घ्यायला कारण आहे. डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी पैशाचा इतिहास अंगावर सोसलाय. कर्जापायी माणूस वेठीला बांधला जायचा. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांसोबत, लाल बावट्याखाली तो उठला.

आता नोट पाहू. 1969 ला जन्मशताब्दीनिमित्त गांधीजी नोटेवर आले. 1996 पासून तर रिझर्व्ह बँकेच्या मालिकेलाच त्यांचं नाव आहे. बाबासाहेबांनी 1923 मध्ये रुपयावर ग्रंथ लिहिला. ते नाण्यांवर आले, नोटेवर नाहीत. का? कायदा एवढंच सांगतो: बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस करायची, केंद्र सरकारने मंजुरी द्यायची. निकषांचा उल्लेख नाही.

आमची टीका इथे आहे. ‘आमचाही नेता हवा’ म्हणणारे चेहरा मागतात, निवडीची कारणं मागत नाहीत. बँक ऑफ इंग्लंडने 2018 मध्ये 50 पौंडांच्या नोटेसाठी लोकांकडूनच शास्त्रज्ञांची नावं मागवली. 2019 मध्ये ट्युरिंग निवडले गेले. शेवटचा शब्द बँकेचाच, पण विचारलं तरी!

गांधीजींना हटवा, असं आम्ही म्हणत नाही. पण जिथे न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून जमिनी गेल्या, तिथल्या माणसाने कागदावर काय छापलंय आणि का, हे विचारलंच पाहिजे.