पाठलागाची चित्रफीत आणि कर्करोगाची गाठ

प्रतिकारशक्तीचा पाठ घेताना एक जुनी चित्रफीत हमखास दाखवली जाते. १९५० च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डेव्हिड रॉजर्स यांनी ती सूक्ष्मदर्शकातून टिपली. तांबड्या पेशींच्या गर्दीतून न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जिवाणूमागे धावते, वळणे घेते आणि अखेर त्याला गिळते. मुले टाळ्या वाजवतात. चित्रफीत अस्सल आहे, बोलकीही आहे. तक्रार आहे ती तिच्या शेवटी आपण जोडतो त्या वाक्याबद्दल: ‘कर्करोगातही असेच घडते.’

तसे घडत नाही. जिवाणू परका असतो, त्याचा रासायनिक माग लागतो आणि काचपट्टीवर वाट मोकळी असते. कर्कपेशी आपल्याच पेशींतून उपजते, म्हणून तिला ओळखणेच अवघड. ओळखू शकणाऱ्या टी-पेशीला आधी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडावे लागते. २०१२ साली फ्रेंच संशोधकांनी माणसाच्या फुफ्फुसातील गाठींचे ताजे काप जिवंत ठेवून पाहिले. विरळ कोलॅजनमधून टी-पेशी सहज फिरत होत्या; कर्कपेशींच्या पुंजक्यांभोवती दाट तंतूंचे कुंपण होते, तिथे त्या अडत होत्या.

आत पोचल्यावरही टी-पेशी कोणाला गिळत नाही. ती कर्कपेशीला चिकटते आणि मारक प्रथिने सोडते. एका आघाताने काम होतेच असे नाही. शिवाय कर्कपेशी टी-पेशीचा ‘ब्रेक’ दाबू शकते. असे ब्रेक सोडवून उपचार करण्याची दिशा दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. पाठलागाचे चित्र मनात ठसले की ‘सैनिक वाढवा, रोग हटेल’ असे वाटू लागते आणि घरात रुग्ण असलेली माणसे प्रतिकारशक्तीच्या बाटल्यांवर पैसे घालवतात. आय.आय.टी. मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या, बदललेल्या टी-पेशींच्या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. घट्ट गाठींमध्ये अशा उपचारांना तेवढे यश आलेले नाही. आत शिरण्याची अडचण हे त्याचे एक कारण आहे.

चित्रफीत जरूर दाखवावी. मात्र टाळ्या थांबल्यावर मुलांना विचारावे: शत्रू घरच्यासारखाच दिसत असेल, वाटेत कुंपण असेल आणि ब्रेक लागलेला असेल, तर ही पेशी काय करील? खरा पाठ तिथून सुरू होतो.