अणूचा धडा : नावे आहेत, पुरावा कुठे आहे?

वडनेर भोलजीसारख्या गावातल्या वर्गात अणूचा धडा सुरू झाला, की एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, अणू दिसत नाही, मग तो आहे हे कळलं कसं?’ आपल्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकी मांडणीत याला फारशी जागा नसते. आकृत्या सुबक असतात, क्रमही बरोबर असतो. पण कणाद, डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर ही नावे वंशावळीसारखी येतात आणि मुले ती पाठ करतात.

पहिला घोटाळा कणाद व डाल्टन यांना एका ओळीत बसवण्याचा. वैशेषिक दर्शनातील परमाणू तर्काने गाठलेला होता. डाल्टनच्या अणूला संयुगांतील वजनांच्या प्रमाणांचा आधार होता. कणादांचा मान राखूनही हा फरक सांगता येतो, नव्हे, सांगायलाच हवा. डाल्टनही चुकला. पाण्याच्या कणात त्याने हायड्रोजनचा एकच अणू धरला. अ‍ॅव्होगाड्रोने १८११ साली वायूंच्या आकारमानांवरून वाट दाखवली, तरी ती सर्वमान्य व्हायला अर्धे शतक लागले.

सोन्याच्या वर्खाच्या प्रयोगाचेही तसेच. हजारो अल्फा कणांमागे एखादाच उलट फिरला. धन प्रभार अणुभर पसरलेला असता, तर हे शक्यच नव्हते. १९११ सालचे अणुकेंद्रक या विसंगतीतून आले, हा धागाच धड्यातून निसटतो.

मुंबईत जन्मलेले होमी भाभा आपल्याला अणुशक्तीचे शिल्पकार म्हणून ठाऊक असतात. विश्वकिरणांत सापडलेल्या नव्या कणाला ‘मेसोट्रॉन’ऐवजी ‘मेसॉन’ म्हणावे, असे त्यांनी १९३९ साली सुचवले. नाव रुजले, पण तोच कण आज म्युऑन म्हणून ओळखला जातो आणि मेसॉनांच्या कुळात मोडत नाही! विज्ञान आपली वर्गवारीही कशी बदलते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही. उचलून धरलेल्या पुठ्ठ्याखाली लाकडी ठोकळा लपवा. मुलांना चहूबाजूंनी गोट्या सोडू द्या आणि त्या कुठून बाहेर येतात ते खडूने आखू द्या. ठोकळ्याचा आकार मुलेच सांगतील. मग पुठ्ठा मात्र लगेच उचलू नका. अणूवरचा पुठ्ठा रदरफोर्डलाही उचलता आला नव्हता.