वेग आहे, मग आवाज का तुटतो?

आष्टीतल्या (ता. परतूर, जि. जालना) एखाद्या घरी लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपवरून बोलणे चालू आहे आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी मोठी फाइल उतरवायला घेतो. लगेच 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' सुरू. आपण म्हणतो, स्पीड कमी पडला. पण साध्या टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट पुरतात. बहुधा 20 मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरतात, म्हणजे सेकंदाला 50 पाकिटे. ती वेळेवर पोचायला हवीत, एवढेच.

ती का पोचत नाहीत, याचा छडा टोके हॉयलंड-यॉर्गनसेन, डेव्ह टॅट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2017 च्या 'एंडिंग द ॲनॉमली' या निबंधात लावला. दोष दोन. पहिला, फाइलीची पाकिटे राउटरमध्ये लांब रांग लावतात आणि आवाजाचे चिमुकले पाकीट त्यांच्या मागे उभे राहते. दुसरा अधिक गमतीचा. वायफायमध्ये प्रत्येक यंत्राला बोलण्याची संधी सारखी मिळते, वेळ नव्हे. वर्गात प्रत्येकाने एक पान वाचायचे ठरवले, तर अडखळत वाचणारा सगळा तास घेतो, तसेच. लेखकांनी रांगा वेगळ्या केल्या आणि वेळ सारखा वाटला. साध्या रांगेतला आवाजही मग पूर्वीच्या खास 'आवाज-रांगे'तल्या आवाजाहून चांगला ठरला! हे बदल लिनक्सच्या गाभ्यात गेले.

आता वर्गात मी असे करणार नाही. अडखळणाऱ्यालाच जास्त वेळ देईन. इथे मात्र लांबच्या खोलीतल्या संथ लॅपटॉपचे फारसे बिघडत नाही. फाइल रेंगाळेल, पण बोलण्याला लागते तेवढे मिळतेच.

माझी तक्रार शीर्षकाबद्दल आहे. विसंगती 'संपवली' म्हणणे जरा घाईचे. उपाय मुख्यतः राउटरमध्ये बसतो. तिथले सॉफ्टवेअर जुने असेल, तर लॅपटॉपवर नवे लिनक्स घालून राउटरमधली रांग हटत नाही. शिवाय गावाबाहेर जाणारी जोडणीच अरुंद असेल, तर खरी रांग तिथे लागते. आणि लॅपटॉपच्या डुलकीचे काय? वीज वाचवायला वायफाय कार्ड झोपते, राउटर पाकिटे राखून ठेवतो आणि सहसा दर 102.4 मिलिसेकंदांनी 'तुझे टपाल आले आहे' असे पुकारतो. तेवढ्यात पाच पाकिटे साठतात. नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत 'वायफाय.पॉवरसेव्ह'ला 2 ही किंमत दिली की ही डुलकी थांबते. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

विद्यार्थ्यांसह हे मोजता येते. आधी राउटरला आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला 'पिंग' करा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. आता दुसऱ्या यंत्रावर मोठी फाइल उतरवायला लावून पुन्हा मोजा. राउटरचाच आकडा फुगला, तर रांग घरात आहे. फक्त बाहेरचा फुगला, तर ती घराबाहेरच्या जोडणीवर आहे.